दोन बोटं खाली

मामांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ह्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, चार पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. बाजारातून आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. औषधवाल्यानं दिलेल्या गोळीचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळलं, तरच ती घशाखाली उतरायची. बायको म्हणायची, "एकतीस वर्षं झाली लग्नाला, अजून माझी तपासणी चालूच आहे. पास झाले की सांगा एकदा." मामा हसायचेसुद्धा नाहीत. "सांगीन की," म्हणायचे.

हा गृहस्थ कारखान्याच्या क्लबात बास्केटबॉलच्या हॉलचा राखणदार. सव्वीस वर्षं. हॉलची लाकडी जमीन पुसायची, चेंडूत हवा भरायची, रिंगच्या जाळ्या स्वतः विणायच्या, खेळाडूंनी विसरलेले मोजे नाक मुरडत खुंटीला टांगायचे. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजकाठी काढायची. ही काठी त्यांनी स्वतःच्या हातानं रंधा मारून बनवली होती. जमिनीवर सरळ उभी केली की बरोबर दहा फुटांवर एक खाच. रिंगची कड त्या खाचेला लागली की मामा फॉर्मवर लिहायचे, 'उंची मोजली, बरोबर आहे', आणि खाली सही. तो फॉर्म शहरातल्या क्लबांच्या लीगच्या ऑफिसात जायचा. लीगसाठी मामांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

'मामा' हे नाव त्यांना भाच्यामुळे पडलं. थोरल्या बहिणीचा मुलगा. नवरा गेल्यावर ताई शेजारच्याच दोन खोल्यांत राहायला आली आणि पोरगं शाळा सुटली की थेट हॉलमध्ये. मामांनीच त्याला पहिला चेंडू दिला, पहिले बूट दिले आणि रोज रेषेवर उभं राहून शंभर फ्री थ्रो टाकल्याशिवाय कधी घरी जाऊ दिलं नाही. चेंडू इतका सरळ जाळीतून जायचा की संघानं त्याचं नावच 'सुई' ठेवलं. पुढे सुईला कारखान्याच्या पॅकिंग खात्यात नोकरी लागली, तो संघात आला, आणि तो मामा म्हणतो म्हणून सगळा संघ मामा म्हणायला लागला. मामांना स्वतःचं मूल नव्हतं. जे काय होतं ते सुई. हे ते कुणाला कळू द्यायचे नाहीत, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

हॉलच्या दाराशी लीगच्या विजेत्यांची एक लाकडी पाटी आहे. तीस वर्षांची नावं, एकाखाली एक. तिची खासियत अशी की लागोपाठच्या दोन ओळींत एकच नाव कधी आलेलं नाही. एकदाही नाही! बंदरवाल्यांचा तो दोन ताडमाड भावांचा संघ आठवा. अख्ख्या मोसमात एक सामना गमावला नाही, आणि दुसऱ्या वर्षी उपांत्य फेरीसुद्धा दिसली नाही. छापखान्याचे पाच जण शाळेपासूनचे जिवलग. जिंकले, आणि पुढे कॅप्टन कोण ह्यावरून वर्षभरात एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. पोस्टवाल्यांच्या सगळ्यात उंच माणसाचा गुडघा गेला. वीज कंपनीवाले तर काही न होता नुसतेच जाडे झाले. लोक म्हणायचे, नशीब. कुणी म्हणायचं, डोक्यात हवा गेली. मामा म्हणायचे, "नशीब कसलं डोंबलाचं! दर वेळी आतलाच कुणीतरी फितूर झालाय. कुणी शोधलं नाही, एवढंच."

आणि मग एके वर्षी मामांचाच संघ जिंकला. अंतिम सामना ह्यांच्याच हॉलमध्ये, समोर बंदरवाले, एका गुणानं मागे, शेवटचे तीन सेकंद. सुईनं दाराकडच्या रिंगवर कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि जाळी नुसती हलली. त्यानंतर हॉलमध्ये जे काय झालं त्याला धिंगाणा म्हणतात. कॅप्टन उडी मारून रिंगला लटकला. त्याच्या कमरेला दुसरा लटकला, दुसऱ्याच्या पायांना तिसरा. जाळी कापायला एकामागून एक नऊ जण रिंगला लटकून वर चढले. क्लबाचे सेक्रेटरी, वजन शंभराच्या पुढे, त्यांनाही चौघांनी खांद्यावर घेऊन रिंग धरायला लावली आणि मग खांदे काढून घेतले. सेक्रेटरी वर हवेत, पाय झाडतायत, खाली सगळे पोट धरून हसतायत. शेवटी मामांना उचललं. ज्या माणसानं सव्वीस वर्षांत रिंगला कुणाचं बोट लागू दिलं नाही, तोच दोन्ही हातांनी रिंग धरून झोके घेत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मामा, सोड आता," सुई खालून ओरडत होता. मामा सोडेनात.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी, म्हणजे मास्तरांनी, सगळ्यांना गोळा केलं. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस, हुशार, पण पाटीवरच्या त्या नावांची त्यांनाही धास्ती. ते म्हणाले, "उद्यापासून ह्या हॉलमधलं काहीही बदलायचं नाही. ज्या हॉलनं जिंकून दिलं तो हॉल तसाच्या तसा राहील." मामांना हे फारच पटलं. उजव्या कोपऱ्यातली ट्यूब फडफडायची, ती तशीच फडफडत ठेवली. मास्तरांच्या खुर्चीचा पाय लंगडा होता, तिला सुताराचा हात लागू दिला नाही. कापलेल्या जाळीच्या जागी नवी बांधायला मामा शिडीवर चढले तेसुद्धा रिकाम्या हातांनी. पाना वर न्यायचा नाही, हा नियम. सगळ्यांचे फ्री थ्रो आता त्याच दाराकडच्या रिंगवर. ती लकी ना!

पहिल्या सोमवारी मामा काठी घेऊन निघाले तर मास्तरांनी वाटेत अडवलं. "मामा, त्या रिंगला काहीच टेकवू नका. काठीसुद्धा नको."

"फॉर्म भरायचाय," मामा म्हणाले.

"भरा की. रिंग काय पळून जातेय?"

मामांनी वर बघितलं. सव्वीस वर्षांत ती रिंग केसभर हलली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या हातांनी आवळलेले चार बोल्ट होते तिला. जगातल्या प्रत्येक वस्तूवर ह्या माणसाचा संशय होता, पण त्या बोल्टांवर नव्हता. त्यांनी लिहिलं, 'उंची मोजली, बरोबर आहे'. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तर कागद बघायचीही गरज वाटली नाही.

मोसम सुरू झाला तेव्हा घरच्या हॉलमध्ये, त्यातून दुसऱ्या अर्ध्यात लकी रिंग वाट्याला आली की, ह्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. पाहुणे संघ त्या रिंगवर भलतेच चुकायचे. चेंडू मागच्या बोर्डवर आपटून परत यायचा. छापखान्याचा एक खेळाडू सामना संपल्यावर कमरेवर हात ठेवून रिंगकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "तुमच्याकडे काहीतरी वेगळंच वाटतं हो." मामांनी त्याला सुनावलं, "वेगळं काही नाही, तुम्ही घाबरता." पण बाहेर गेलं की हेच वाघ शेळ्या व्हायचे. जिंकायचे, पण धापा टाकत, दोन-तीन गुणांनी. घरी दहात नऊ टाकणारी माणसं बाहेर दहात पाच. मामांच्या मनात पाल चुकचुकली. घरी जमतं आणि बाहेर जमत नाही म्हणजे काय? बाहेर कुणीतरी भेटतंय. बाहेर काहीतरी शिजतंय.

त्यांनी वही केली. बाहेरच्या प्रत्येक सामन्यात कुणाचा चेंडू कुठे लागून चुकला ते लिहायचं. पहिला संशय कॅप्टनवर, कारण त्यानं नवं घड्याळ घेतलं होतं. ते सासऱ्यानं दिलं होतं, हे कळल्यावर मामांनी सासऱ्याची चौकशी केली. मग संशय सेंटरला खेळणाऱ्या उंच पोरावर, कारण तो हल्ली फार हसायचा. त्याचं लग्न ठरलं होतं. मग मास्तरांवरही दोन आठवडे घालवले. पण वही भरत गेली तशी तिच्यात एकच नाव वारंवार दिसायला लागलं, आणि ते बघून मामांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

सुई. पुढची कड. सुई. पुढची कड. सुई. पुढची कड.

इतरांचे चेंडू इकडेतिकडेही जायचे. सुईचा मात्र दर वेळी नेमका रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा आणि बाहेर. मामा रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "ज्याचा हात बिघडतो त्याचा चेंडू कुठेही जातो. हा दर वेळी एकाच जागी चुकतोय. चुकायलासुद्धा हात पक्का लागतो."

बायकोनं ताट सरकवलं. "तुमचा भाचा आहे तो."

"म्हणूनच तर."

त्यात सुई दर गुरुवारी कामावरून सुटल्यावर कुठेतरी जायला लागला. ताईला विचारलं तर "मित्राकडे". कुठला मित्र? ताईला माहीत नाही. मामांना ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे? एका गुरुवारी त्यांनी टोपी घातली, जी ते कधीच घालत नाहीत, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून सुईच्या मागे बसमध्ये चढले. कंडक्टरनं मोठ्यानं विचारलं, "काय मामा, आज टोपी?" सुदैवानं सुई पुढच्या दाराशी होता. तो बाजारपेठेत उतरला, एका तीन मजली इमारतीत शिरला. खालीच बंदरवाल्यांच्या क्लबाचं ऑफिस. जिन्यापाशी आणखी दोन-तीन पाट्या होत्या, त्या वाचायची मामांना गरज वाटली नाही. पाऊण तासानं सुई बाहेर आला, डोळे चोळत. मामा वर्तमानपत्राआड उभे होते. रडून आलाय, त्यांना वाटलं. सौदा करून रडून आलाय.

तरी ते गप्प राहिले. अंतिम सामन्यापर्यंत गप्प राहिले, कारण मनात कुठेतरी आशा होती. घरच्या विजयांच्या जोरावर संघ अंतिम फेरीत पोचला होता, समोर पुन्हा बंदरवाले. ह्या वेळी हॉल पोस्टवाल्यांचा, म्हणजे दोघांनाही परका. शेवटचे चार सेकंद, एका गुणानं मागे, आणि फाउल झाला सुईवर. दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर लीगच्या इतिहासात कुणी केलं नाही ते होणार. लहानपणापासून रोज शंभर टाकणाऱ्या माणसाला दोन टाकायचे होते.

पहिला पुढच्या कडेवर आपटला. दुसरा पुढच्या कडेवर आपटला, क्षणभर तिथेच बसला, आणि बाहेर पडला.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे खाली मान घालून बूट सोडत होते. सुई बाकावर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. मामा दारातून आत आले ते वही हातात घेऊनच.

"काय कबूल केलंय बंदरवाल्यांनी?" ते म्हणाले. "चांगली नोकरी? राहायला खोली?"

सुईनं मान वर केली. "मामा, तू हे मला विचारतोयस?"

"मग कुणाला विचारू? गुरुवारी कुणाकडे जात होतास ते सांग ह्या सगळ्यांसमोर. मी तुला जाताना बघितलंय."

सुईचा चेहरा पडला. तो काहीच बोलला नाही. खरं सांगायचं तर हेच मामांना अपेक्षित होतं, आणि हेच त्यांना नको होतं. "बोल ना!" ते ओरडले. "ही बघ वही. एकसष्ट वेळा! एकसष्ट वेळा एकाच जागी!"

"मामा, मी मुद्दाम नाही केलं. माझा हातच गेलाय बहुतेक."

"हात जात नसतो. माणूस जातो."

सुईनं पिशवी उचलली. दाराशी थांबला आणि म्हणाला, "तुम्हाला जसं वाटेल तसं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मामांना तुम्ही म्हटलं.

वही सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरींनी कमिटीची बैठक ठरवली, येत्या शनिवारी, सकाळी अकराला. ठराव तयारच होता: सामना विकल्याबद्दल भाच्याला संघातून काढायचं आणि त्याचं नाव लीगला कळवायचं. एकदा कळवलं की तो पुन्हा कुठल्याच क्लबाकडून खेळू शकणार नाही. सुईनं आपणहून राजीनाम्याची चिठ्ठी पाठवून दिली. ताईनं मामांच्या घराकडची आपली खिडकी लावून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी माणूस शांत बसेल. पण संशयाचा किडा असा पोटभर खाऊन झोपत नाही. भाच्याला दोषी ठरवलं, तरी मामांना झोप येईना. बुधवारी पहाटे ते एकदम उठून बसले. बंदरवाल्यांनी भाच्याला फोडलं हे खरं. पण रिंगचं काय? पोस्टवाल्यांच्या हॉलमधली रिंगच वर चढवलेली असली तर? म्हणजे डबल लबाडी! आणि तसं निघालं तर... तर पोराचा दोष निम्मा तरी कमी. हा दुसरा विचार त्यांनी स्वतःलाही नीट सांगितला नाही. गुरुवारी सकाळी दहा फुटांहून लांब काठी घेऊन ते बसच्या टपावर सामान चढवणाऱ्याशी भांडले, आणि पोस्टवाल्यांच्या हॉलवर जाऊन धडकले.

तिथली राखणदार एक जाडजूड बाई. सगळे तिला मावशी म्हणतात. ती जमीन पुसत होती.

"मला तुमची रिंग मोजायचीय," मामा म्हणाले.

"मोजा की."

"आत्ता."

"आत्ताच मोजा. पाय पुसून या फक्त."

मामांनी काठी उभी केली. रिंगची कड खाचेला लागली, चिकटूनच. त्यांनी काठी फिरवली, दुसऱ्या बाजूनं बघितलं. बरोबर. दुसऱ्या टोकाची रिंग मोजली. बरोबर. मावशी फडक्याच्या दांड्यावर हात टेकून बघत होती. "लोक सामना हरले की माझ्याकडे येतात," ती म्हणाली. "मी म्हणते मोजा. मी दर महिन्याला मोजते, तुम्हीही तुमच्याकडे मोजतच असाल."

"अर्थात," मामा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये तो शब्द त्यांचा पिच्छा सोडेना. अर्थात. शेवटचं कधी मोजलं? त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि बोटं संपली. घरी न जाता ते सरळ हॉलवर गेले. दुपारची वेळ, हॉल रिकामा, कोपऱ्यातली ट्यूब फडफडतेय. दाराकडच्या रिंगखाली त्यांनी काठी उभी केली.

खाच रिंगच्या वर होती. रिंग खाचेच्या खाली होती. मध्ये मामांची दोन बोटं आरामात बसत होती.

त्यांना आधी वाटलं काठीच वाकडी झाली. समोरच्या रिंगला लावली, बरोबर. परत इकडे, दोन बोटं खाली. शिडी आणून ते वर चढले. रिंगचा लोखंडी ब्रॅकेट पुढे झुकला होता आणि वरच्या दोन बोल्टांच्या भोकांत गंजाचा ताजा रंग होता. नऊ जण लटकले होते इथे. सेक्रेटरी लटकले होते. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ, ते स्वतः लटकले होते.

म्हणजे वर्षभर सगळा संघ खाली झुकलेल्या रिंगवर सराव करत होता. हात त्या रिंगला सरावले. बाहेर रिंग दोन बोटं वर, आणि चेंडू पुढच्या कडेवर. ज्याचा हात सगळ्यात पक्का, तो सगळ्यात नेमका चुकणार. वही खोटी नव्हती. वहीतलं प्रत्येक अक्षर खरं होतं आणि मामांनी ते साफ उलटं वाचलं होतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून हा माणूस हुंदके देऊन रडला. आसपास कुणी नव्हतं, म्हणून हे त्यांनी नंतर फक्त बायकोला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ताईचं दार वाजवलं. ताईनं उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"गुरुवारी तो कुठे जात होता, ताई?" मामांनी विचारलं.

"आता विचारतोस?" ताई आत गेली आणि एक कागद आणून त्यांच्या हातात दिला. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी. पत्ता तोच, बाजारपेठेतली तीन मजली इमारत, दुसरा मजला. "बाहेर गेलं की चेंडू आखूड पडतो म्हणत होता. त्याला वाटलं, नजर जातेय. डॉक्टर म्हणाला डोळे ठणठणीत आहेत, तरी दर आठवड्याला जाऊन डोळ्यांचा व्यायाम करून यायचा. मला परवा सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" ताई म्हणाली. "तू डॉक्टरवरही संशय घेतला असतास."

शनिवारी अकराला कमिटी जमली. पाच माणसं, चहा, ठरावाचा कागद. सेक्रेटरींनी मामांना साक्ष द्यायला बोलावलं. मामा म्हणाले, "इथे नाही. सगळे हॉलमध्ये चला." आणि सगळ्यांसमोर त्यांनी काठी रिंगखाली उभी केली. मास्तरांनी वर बघितलं आणि लंगड्या खुर्चीवर मटकन बसले.

सेक्रेटरींनी दार लोटून घेतलं. "हे बघा मामा," ते हळूच म्हणाले, "तुमची दीड वर्षं राहिलीत निवृत्तीला. दर महिन्याला तुम्ही सही केलीत, ती खोटी ठरेल. लीग आपले घरचे सगळे सामने बाद करील. पोरानं राजीनामा दिलाय, ठराव आपण मागे घेऊ, त्याच्यावर डाग नाही. तुम्ही आज दुपारी पाना घ्या, रिंग सरळ करा. विषय संपला."

खरं सांगतो, मामांना मोह झाला. सव्वीस वर्षं निष्कलंक होती. कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांना संघ आठवला, कपडे बदलायच्या खोलीतला. सगळ्यांनी ऐकलं होतं ते काय बोलले ते. ठराव मागे घेतला तरी लोक म्हणणार, मिटवलं, काहीतरी होतंच. हे मामांइतकं कुणाला कळणार? ते स्वतः तसंच म्हणाले असते.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "रिंग दोन बोटं खाली होती. मी मोजली नाही आणि मोजली म्हणून सही केली. भाच्यावर मी खोटा आळ घेतला. हे लीगला पाठवा, आणि संघासमोर वाचून दाखवा."

"मी काठी लावू दिली नाही, तेही लिहा," मास्तर खुर्चीतूनच म्हणाले.

लीगनं घरचे सामने बाद केले. पाटीवर त्या वर्षी अर्थातच बंदरवाल्यांचं नाव आलं, आणि ह्यांच्या संघाची गोष्ट त्या जाड्या वीज कंपनीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसली. अजूनही लोक ती हसत सांगतात. मामांकडून हॉलच्या किल्ल्या काढून त्यांना कारखान्याच्या मागच्या फाटकावर बसवलं. किल्ल्या देण्याआधी त्यांनी एक रविवार मागून घेतला. नवा ब्रॅकेट, नवे बोल्ट. सकाळभर खपून रिंग बसवली, आठ वेळा मोजली, आणि ताईकरवी सुईला बोलावणं धाडलं.

सुई आला. बूट घालून आला होता, पण दारातच थांबला. मामा शिडीवरून उतरले. त्यांनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "फार चुकलं. तुझा हात गेला नव्हता रे. मला माफ कर."

सुईनं मान हलवली. रागही नव्हता चेहऱ्यावर. त्यानं रिंगकडे बघितलं, मग मामांकडे.

"मोजलीत?"

"मोजली. आठ वेळा."

"काठी द्या जरा."

मामांनी काठी दिली. सुईनं ती रिंगखाली उभी केली, मान वर करून बघितली, मग अर्धी फिरवून दुसऱ्या बाजूनं बघितली. मग ती जमिनीवर आडवी ठेवली. "टेप आहे?" त्यानं विचारलं. मामांनी खिशातून टेप काढून दिला. सुई गुडघ्यांवर बसला आणि काठीच मोजायला लागला, बुडापासून खाचेपर्यंत. टेपचं दुसरं टोक मामांनी धरायचं होतं. त्यांनी ते अंगठ्यानं जमिनीवर दाबून धरलं.

"बरोबर आहे," सुई म्हणाला, आणि उठून चेंडू घेतला.

तो पुन्हा खेळायला लागला. मागच्या फाटकावरची पाळी संपली की मामा रविवारी हॉलवर यायचे, त्याचे चेंडू गोळा करून द्यायचे, आणि काही महिन्यांनी सुई पुन्हा त्यांना तू म्हणायला लागला. पण रोज पहिला फ्री थ्रो टाकण्याआधी तो कोपऱ्यातली काठी घेतो, आणि ती रिंगला लावून होईपर्यंत मामा दुसरीकडे बघतात.